घोरणारे मूल, उघडे तोंड आणि दातांची तार



आपल्या घराघरांत एक जुना समज आहे. लहान मूल घोरू लागले की आजी कौतुकाने म्हणते, "दमलंय बिचारं, बघा कसं गाढ झोपलंय!" मोठ्यांच्या घोरण्याची आपण थट्टा करतो आणि मुलांच्या घोरण्याचे कौतुक करतो. खरे पाहता घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नाही. श्वासाची वाट कुठेतरी अरुंद झाली आहे आणि हवा जोर लावून आत शिरत आहे, त्याचा तो आवाज असतो. सर्दीपडशात चार दिवस मूल घोरले तर काळजीचे कारण नाही. मात्र आठवड्यातून तीन-चार रात्री, महिनोन् महिने, सर्दी नसतानाही घोरत असेल, तर तिकडे लक्ष दिलेच पाहिजे.

हा विषय डॉक्टरांचा, मग शाळेच्या पत्रिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे की, रात्री जे बिघडते ते दिवसा वर्गात दिसते. आणि वर्गात जे दिसते त्याला आपण बरेचदा भलतेच नाव देतो: आळशी, चंचल, हट्टी, लक्ष न देणारा. म्हणून हा विषय पालकांइतकाच शिक्षकांचाही आहे. त्यात दातांच्या तारेचा, म्हणजेच ऑर्थोडॉन्टिक्सचा, काय वाटा आहे याबद्दल सध्या बरेच बोलले जाते. त्यातले खरे किती आणि अतिशयोक्ती किती, हे आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडीत आहोत. निदान आणि उपचार अर्थातच डॉक्टरांनी करावयाचे आहेत.

श्वासाची वाट कुठे अडते?

भोपाळमध्ये 'श्वासाचा त्रास' असे म्हटले की २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. त्या विषारी वायूने फुफ्फुसांना इजा केली आणि कित्येक वडीलधारी मंडळी पुढे आयुष्यभर धाप सोसत राहिली. आम्ही ज्या त्रासाबद्दल लिहीत आहोत तो निराळा आहे. येथे फुफ्फुसे बहुधा धडधाकट असतात. अडथळा असतो तो वरच्या वाटेत, म्हणजे नाक, नाकाची मागची बाजू, घसा आणि जबडे यांच्यामध्ये.

मुलांत या अडथळ्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड. टॉन्सिल घशाच्या दोन्ही बाजूंना असतात, तोंड उघडून पाहिले की दिसतात. अ‍ॅडिनॉइड नाकाच्या मागे, टाळूच्या वर लपलेले असते; ते आरशात दिसत नाही. साधारण तीन ते सहा-सात वर्षांच्या वयात या गाठी घशाच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात आणि पुढे हळूहळू आकसतात. दुसरे कारण नाकाची अ‍ॅलर्जी. धूळ, धूर, ओल, परागकण यांनी नाक सुजते आणि सतत चोंदलेले राहते. तिसरे कारण वाढलेले वजन. आणि चौथे कारण जबड्याची ठेवण: वरचा जबडा अरुंद असणे किंवा खालचा जबडा मागे असणे. कित्येकदा यांतली दोन-तीन कारणे एकत्र असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या किंवा जन्मतः टाळू दुभंगलेल्या मुलांत हा धोका अधिक असतो, म्हणून त्यांच्या पालकांनी विशेष दक्ष राहावे.

जागेपणी घशाचे स्नायू ही वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. वाट आधीच अरुंद असेल तर ती काही क्षण मिटते. छाती वरखाली होते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू दचकून जागा होतो, मूल कूस बदलते, एक मोठा श्वास घेते आणि पुन्हा झोपते. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. या आजाराला डॉक्टर 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. मोठ्या माणसांत तासाला पाचापर्यंत असे अडथळे सामान्य धरले जातात. मुलांत तासाला एकाहून अधिक झाले तरी डॉक्टर दखल घेतात. निरनिराळ्या पाहण्यांवरून शंभर मुलांत एक ते पाच मुलांना हा त्रास असतो असे मानले जाते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एक-दोन मुले अशी असू शकतात.

मोठ्यांचा हा आजार वैद्यकशास्त्राला आधी कळला, मुलांचा नंतर. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. क्रिस्तियां गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली आठ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा मुलांतील या आजाराची नीट ओळख पटली.

रात्रीचा आजार, दिवसाची लक्षणे

मोठ्या माणसाची झोप मोडली तर तो दिवसभर पेंगतो. मुलांचे तसे नसते. काही मुले पेंगतात, पण पुष्कळशी उलट जास्त चुळबुळी होतात. एका जागी बसत नाहीत, लवकर चिडतात, सांगितलेले विसरतात. सकाळी डोके दुखते, तोंड कोरडे पडते, भूक लागत नाही. बिछाना ओला करणे बंद झालेले मूल पुन्हा तसे करू लागते. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. झोप सतत तुटत राहिली तर काही मुलांची वाढही मंदावते.

म्हणून ज्या मुलाबद्दल 'अभ्यासात लक्ष नाही' अशी तक्रार आहे, त्याला शिक्षा करण्याआधी किंवा आणखी एक शिकवणी लावण्याआधी आई-वडिलांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे मूल रात्री श्वास कसा घेते? सर्व चंचल मुलांना हाच आजार असतो असे मुळीच नाही. पण ज्याला तो आहे, त्याला रागावून काही साधणार नाही.

टाळू म्हणजे नाकाची जमीन

आता दातांकडे वळू. दात आणि श्वास यांचा संबंध काय, हे समजण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या तोंडाचे छत म्हणजे टाळू. आणि हाच टाळू नाकाची जमीन आहे. खालच्या मजल्याचे छत तेच वरच्या मजल्याची फरशी असते, तसेच हे आहे. टाळू अरुंद आणि उंच कमानीसारखा असेल तर वर नाकाची खोलीही अरुंद होते.

नाकाने श्वास घेताना ओठ मिटलेले असतात आणि जीभ टाळूला टेकलेली असते. बाहेरून गालांचा दाब आणि आतून जिभेचा आधार, यांच्या तोलावर वरचा जबडा रुंद वाढतो. नाक चोंदलेले असेल तर तोंड उघडे राहते, जीभ खाली पडते आणि आतला आधार जातो. अशी वर्षे गेली की वरचा जबडा अरुंद होतो, दातांना जागा पुरत नाही, ते वेडेवाकडे किंवा पुढे येतात, चेहरा लांबट दिसू लागतो. वरचा ओठ आखूड, तोंड सदा अर्धे उघडे, डोळ्यांखाली काळसर छाया, असा चेहरा पाहिला की जाणत्या डॉक्टरांना अ‍ॅडिनॉइडची शंका येते.

कोपनहेगनच्या डॉ. विल्हेल्म मायर यांनी १८६८ साली अ‍ॅडिनॉइडच्या या दुखण्याचे वर्णन केले. पुढे एगिल हार्वोल्ड या शास्त्रज्ञाने वाढत्या वयाच्या माकडांची नाके बंद करून पाहिले, तेव्हा तोंडाने श्वास घ्यावा लागल्यामुळे त्यांच्या जबड्यांची आणि दातांची ठेवण बदलली. अर्थात माणसाच्या जबड्याची घडण पुष्कळशी आई-वडिलांकडून येते. प्रत्येक वाकडा दात तोंडाने श्वास घेतल्यामुळेच झाला, असे म्हणणे चूक ठरेल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत: चोंदलेले नाक जबडा बिघडवू शकते आणि अरुंद जबडा श्वास आणखी अडवू शकतो.

आधी कोणाकडे जावे?

येथे क्रम महत्त्वाचा आहे. मूल घोरते म्हणून थेट दातांना तार लावायला जाऊ नये. आधी बालरोगतज्ज्ञ, मग नाक-कान-घशाचे डॉक्टर. वजन, नाक, टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड यांची तपासणी आधी व्हावी. अ‍ॅलर्जी असेल तर नाकाच्या औषधाने काही आठवड्यांत फरक पडू शकतो. गरज भासल्यास रात्रभराची झोपेची तपासणी करतात. तिला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. अंगाला तारा चिकटवून श्वास, प्राणवायू, मेंदूच्या लहरी मोजतात. त्यात सुई टोचणे वगैरे काही नसते, मुलांनी घाबरण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियेबद्दल पालकांच्या मनात भीती असते. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर एक मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांचे टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड काढले, निम्म्यांवर फक्त लक्ष ठेवले. सात महिन्यांनी पाहता शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली आणि नुसते लक्ष ठेवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. एकाग्रतेच्या चाचणीत दोन्ही गटांत विशेष फरक पडला नाही; पण शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे वागणे आणि घोरणे यांत चांगली सुधारणा दिसली. यातून तीन गोष्टी कळतात. शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. सौम्य त्रास असलेली बरीच मुले थांबूनही सुधारतात. आणि काही मुलांचा त्रास शस्त्रक्रियेनंतरही उरतो. हा उरलेला त्रास कशाने, हे शोधताना जबड्याकडे पाहावे लागते.

ऑर्थोडॉन्टिस्ट काय करू शकतात?

ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दातांची आणि जबड्यांची ठेवण सुधारणारे दंतवैद्य. त्यांचे पहिले काम ओळखण्याचे. आठ-दहा वर्षांचे मूल तोंड उघडून खुर्चीत बसले की अरुंद टाळू, मोठे टॉन्सिल, मागे गेलेला खालचा जबडा हे सारे त्यांच्या नजरेस पडते. अशा वेळी 'हा रात्री घोरतो का?' एवढा प्रश्न विचारून ते मुलाला योग्य डॉक्टरांकडे धाडू शकतात.

दुसरे काम वरचा जबडा रुंद करण्याचे. लहान वयात टाळूची उजवी आणि डावी हाडे मध्ये एका सांध्याने जोडलेली असतात, पूर्ण एकजीव झालेली नसतात. दाढांना एक चौकट बसवतात, तिच्या मध्यभागी बारीक स्क्रू असतो. आई किंवा वडील लहानशा किल्लीने तो रोज एक-दोनदा पाव फेरा फिरवतात. एका पाव फेऱ्याने साधारण पाव मिलिमीटर अंतर वाढते. दोन-चार आठवड्यांत टाळू रुंदावतो आणि पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते. ती पाहून पालक घाबरतात; वास्तविक हाडे सरकत असल्याची ती खूण असते आणि फट पुढे आपोआप भरत जाते. मग नवे हाड पक्के होईपर्यंत चौकट सुमारे सहा महिने तशीच ठेवतात. ही कल्पना नवी नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य एमर्सन एंजेल यांनी १८६० साली एका मुलीचा जबडा असाच स्क्रूने रुंद केल्याचे लिहून ठेवले आहे.

टाळू रुंदावला की नाकाची जमीनही रुंदावते. २००४ साली इटलीतील डॉक्टरांनी डॉ. गिलमिनो यांच्यासह अशा ३१ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचा वरचा जबडा अरुंद होता, पण टॉन्सिल वाढलेले नव्हते. जबडा रुंद केल्यानंतर त्यांचे झोपेतले अडथळे जवळजवळ नाहीसे झाले. निकाल उत्साह वाढवणारा होता. मात्र मुले थोडी होती, आणि उपचार न केलेल्या मुलांशी तुलना केलेली नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तिसरे काम खालचा जबडा पुढे आणणाऱ्या साधनांचे. 'ट्विन ब्लॉक' हे नाव काही पालकांनी ऐकले असेल. वाढीच्या वयात, साधारण दहा ते तेरा या वर्षांत, त्याने दातांची आणि जबड्याची ठेवण सुधारते. झोपेच्या त्रासावर मात्र त्याचा कितपत उपयोग होतो याचा पुरावा अजून अपुरा आहे, असे २०१६ सालच्या कोक्रेन आढाव्यात म्हटले आहे.

काय करू शकत नाहीत?

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ साली या विषयावर आपले मत प्रसिद्ध केले. अप्नियाचे निदान वैद्यकीय डॉक्टरांनीच करावे, ऑर्थोडॉन्टिस्टांनी शंका ओळखून मुलाला पुढे पाठवावे, असे त्यात सांगितले. 'पुढे कधी अप्निया होऊ नये' एवढ्याच कारणासाठी जबडा रुंद करण्यास आधार नाही, हेही स्पष्ट केले. तसेच तार लावण्यासाठी दात काढल्याने अप्निया होतो ही भीती निराधार असल्याचे नमूद केले.

म्हणून कोणी सांगितले की 'ही चौकट लावा, घोरणे, अभ्यास, उंची सगळे सुधारेल', तर सावध व्हावे. जबडा खरोखर अरुंद आहे का, नाक-घशाची तपासणी झाली आहे का, उपचाराने दातांच्या दृष्टीनेही लाभ आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. झोपताना मुलाच्या ओठांना चिकटपट्टी लावण्याचे प्रकार अलीकडे मोबाईलवर दिसतात. ज्याचे नाक चोंदलेले आहे, त्याचे तोंडही बंद करणे हे धोक्याचे आहे. ते करू नये. बाजारातून परस्पर मागवलेली रबरी साधनेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात घालू नयेत.

वयाची बाब मात्र खरी आहे. टाळूचा सांधा वयाबरोबर पक्का होत जातो. ऐन वाढीच्या वयाच्या आधी जे काम एका स्क्रूने होते, त्यासाठी अठराव्या-विसाव्या वर्षी हाडात बसवलेले स्क्रू किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. 'सगळे दात येऊ देत, मग पाहू' असे आपण म्हणतो. तार लावण्याच्या बाबतीत ते पुष्कळदा चालते. पण मूल घोरत असेल आणि टाळू अरुंद असेल, तर सात-आठ वर्षांच्या वयात एकदा तपासणी करून घेणे हिताचे आहे.

घरी काय पाहावे, कोठे जावे?

मूल झोपल्यावर तासा-दोन तासांनी आणि पुन्हा पहाटे त्याच्याजवळ पाच मिनिटे बसावे. तोंड उघडे आहे का, मान मागे टाकून झोपते का, घोरताना आवाज मध्येच थांबून मग दचकून श्वास घेते का, फार घाम येतो का, हे पाहावे. मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. झोपलेल्या मुलाच्या अंगावर पातळ कपडे असू द्यावेत, म्हणजे छातीची हालचाल दिसते. हे चित्रण फक्त डॉक्टरांसाठी. नातेवाइकांच्या समूहांवर गमतीने पाठवू नये.

श्वास थांबताना दिसला, ओठ निळसर झाले, किंवा श्वास घेताना छाती खूप आत ओढली जात असेल, तर वाट पाहू नये, त्वरित डॉक्टरांकडे जावे.

भोपाळमध्ये एम्स आणि हमीदिया रुग्णालय येथे नाक-कान-घशाच्या तपासणीची सोय आहे. भेलच्या कुटुंबांना कस्तुरबा रुग्णालय जवळचे. दातांसाठी शहरातील दंत महाविद्यालये आहेत. इंदूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. १९५६ साली राजधानी झाली तेव्हा नागपूरहून आलेल्या आपल्या कित्येक घरांचे आप्त अजून नागपुरात आहेत; तेथेही शासकीय दंत महाविद्यालय आहे. ऑर्थोडॉन्टिक्स विभागाला दाखवायचे आहे, असे स्पष्ट सांगावे.

त्याबरोबर झोपेचे तासही पाळावेत. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. पुरेसा वेळ झोपूनही मूल सकाळी थकलेले उठत असेल, तर ती दखल घेण्यासारखी गोष्ट आहे.

शाळेने काय करावे?

६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्याअंतर्गत शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते. सुरुवातीला ठरवलेल्या ३० आजारांच्या यादीत दातांची कीड आहे, कानाचे दुखणे आहे, दम्यासारखा श्वासाचा त्रास आहे, शिकण्यातील अडचण आणि अतिचंचलताही आहे. घोरण्याचा उल्लेख त्यात नाही. म्हणजे त्याचे परिणाम यादीत आले, पण त्यांचे एक कारण बाहेर राहिले. ती उणीव भरून काढणे शाळेच्या हाती आहे, आणि त्याला खर्चही येत नाही.

यासाठी आम्ही विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवीत आहोत. प्रत्येक विद्यार्थ्याच्या आरोग्य पत्रकात चार प्रश्न असावेत: आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री घोरतो का? तोंड उघडे ठेवून झोपतो का? झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटतो का? सकाळी थकलेला उठतो का? उत्तरे पालकांनी द्यावीत आणि ती गोपनीय राहावीत. दोन किंवा अधिक उत्तरे 'होय' असतील तर वर्गशिक्षकांनी पालकांना बोलावून तपासणी सुचवावी. श्वास थांबतो असे एकच उत्तर असले तरी सुचवावी. वार्षिक तपासणीस दंतवैद्यांबरोबर नाक-कान-घशाचे डॉक्टरही यावेत. ज्या घरांना उपचाराचा खर्च झेपणार नाही, त्यांच्यासाठी विद्यार्थी साहाय्य निधीतून काही तरतूद व्हावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

शिक्षक बंधू-भगिनींनाही सांगणे आहे. प्रार्थनेच्या वेळी मुले शांत उभी असताना, किंवा १२ जानेवारीच्या सामूहिक सूर्यनमस्काराच्या सरावात, कोणाचे तोंड सदा उघडे राहते हे सहज दिसते. 'तोंड मिट, नाकाने श्वास घे' असे अशा मुलाला दरडावू नये. त्याचे नाक मोकळे असते तर त्याने तसे केलेच असते. त्याची नोंद करावी आणि पालकांना कळवावे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे बोलणे तुमच्याशी. सहलीत किंवा शिबिरात एखादा सोबती रात्री घोरला तर सकाळी त्याच्या नकला करू नका. दातांत चौकट बसवलेल्या मैत्रिणीचे बोलणे काही दिवस बोबडे होते, तिला हसू नका. आणि तुमच्यापैकी कोणाला रोज सकाळी तोंड कोरडे पडून, डोके जड होऊन जाग येत असेल, तर लाजू नका. आज घरी आईला सांगा, किंवा उद्या आपल्या वर्गशिक्षकांना सांगा. हा तुमचा आळस नव्हे आणि दोषही नव्हे. वेळेवर दाखवले तर बहुतेकांचा त्रास पुष्कळ कमी होऊ शकतो.

आरोग्य पत्रकाचे चार प्रश्न येत्या पालक सभेत वाचून दाखविले जातील. सर्व पालकांनी, शक्य असेल तेथे आई आणि वडील दोघांनीही, अवश्य उपस्थित राहावे, ही विनंती.